दहा सेकंदांची चाल

भद्रावतीहून चंद्रपूरला जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.चं छप्पर गळत होतं, आणि गळायचं तर नेमकं नूतनच्या डोक्यावर! आता माणसानं डोकं सांभाळावं की मांडीवरचा कम्प्युटरवर चित्रं काढायचा पॅड? तिनं पॅड ओढणीत गुंडाळला आणि डोकं पावसाच्या हवाली केलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

“इकडे या बाई. इथी कोरडं हाये.”

पंचेचाळिशीचा, खाकी पँटमधला एक माणूस खिडकीकडे सरकला होता. नाव अश्वजित. होता वनरक्षक, पण आता चंद्रपूरच्या ऑफिसात बसून जंगलातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले वाघांचे फोटो वेगळे करायचा.

“दिवसभर वाघाकडे पाहतो,” तो म्हणाला, “पण एकबी वाघ मायाकडे पाहत नाई.”

नूतन हसली. आपण हसलो याचं तिलाच नवल वाटलं, कारण हसण्यासारखं तिच्याकडे फारसं उरलं नव्हतं. अठरा वर्षं तिनं फोटो स्टुडिओत फोटो सुधारले. नवरीच्या मुरमांपासून म्हाताऱ्याच्या तिरळ्या डोळ्यापर्यंत सगळं तिच्या हातानं नीट व्हायचं. मग घरोघरी मोबाईल आले आणि स्टुडिओला कुलूप लागलं. नवऱ्याशी काडीमोड तर त्याच्याही आधीचा. एक्केचाळिसाव्या वर्षी तिनं चंद्रपूरला ॲनिमेशनच्या क्लासात नाव घातलं. वर्गातली पोरं तिला मावशी म्हणायची. या वयात कार्टून शिकून राह्यली, असं वहिनी शेजारणीला सांगायची, तेही ऐकू येईल असं.

हैदराबादच्या एका स्टुडिओनं तिच्याकडे कामाचा नमुना मागितला होता. एक माणूस चालतोय... एवढंच. दहा सेकंद. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर भावाच्या घरात पोळ्या लाटत उरलेलं आयुष्य काढायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रोजची सीट ठरून गेली. ती कंडक्टरचं चित्र काढायची, हा चुका काढायचा. चंद्रपूर आलं की मात्र म्हणायचा, “तुमी उतरा आधी.” किती रीतीचा माणूस, असं तिला वाटायचं. एकदा छत्री विसरली म्हणून ती माघारी वळली, तर दांडा धरून, डावा पाय ओढत तो पायरी उतरत होता. दोघांची नजर भेटली आणि त्यानं मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी वाटेतलं घोडपेठ मागं पडलं. मग त्यानंच सांगितलं. अठ्ठाविसाव्या वर्षी जंगलात फिरतीवर असताना अस्वलानं पाय फाडला. सोयरीक झालेली होती. पोरीकडचे दवाखान्यात पाहायला आले, त्याला चालून दाखवायला लावलं, आणि गेले ते गेलेच. तेव्हापासून तो कुणापुढे चालत नव्हता.

“मायापुढे चालाल?” नूतननं विचारलं, आणि विचारताच तिची कानशिलं तापली. “म्हणजे... मले त्या नमुन्यासाठी पायजे.”

शनिवारी रामाळा तलावाच्या काठी बारीक पावसात तो चालला. ती मोबाईलमध्ये टिपत होती, आणि खरं सांगायचं तर टिपायचं सोडून नुसतीच बघत होती. प्रेम जडलं होतं बाईला, दुसरं काय!

आठवडाभर खपून तिनं एकेक पाऊल काढलं आणि सोमवारी बसमध्ये मोठ्या हौसेनं त्याला दाखवलं. पडद्यावर अश्वजित चालत होता. तोच झुकलेला खांदा, तोच खाकी रंग... आणि दोन्ही पाय धडधाकट. अठरा वर्षांची सवय, हातानं आपसूक सगळं नीट करून टाकलेलं! तिला ते कळलंही नव्हतं.

त्यानं पुन्हा एकदा पाहिलं.

“लई चांगला हाये हा माणूस,” तो हळूच म्हणाला. “पण हा मी नाई, नूतन. त्या पोरीकडच्या लोकाईले असाच पायजे होता.”

पहिल्यांदाच त्यानं तिला नुसत्या नावानं हाक मारली होती, आणि ती अशी! त्या दिवशी तो घोडपेठलाच उतरून गेला. पुढचे नऊ दिवस त्याची सीट रिकामी राहिली. नूतन रडली, स्वतःवर चिडली, आणि मग तिनं सगळी चित्रं पुसून पहिल्या पावलापासून सुरुवात केली. या वेळी काही म्हणता काही सुधारलं नाही. ओढणारा पाय, पाऊल टेकण्याआधीची ती किंचित भीती, सगळं जसंच्या तसं. ते दहा सेकंद तिनं आधी त्याला पाठवले, मग हैदराबादला.

दहाव्या दिवशी तो सीटवर होता. त्यानं तिची ओली छत्री आपल्या पायाशी ठेवून घेतली. अकराव्या दिवशी नोकरीचं पत्र आलं.

तिच्यासोबत हैदराबादला येणं त्याला शक्य नव्हतं. घरी आई, बायनाबाई, दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. बल्लारशाच्या स्टेशनवर रेल्वेच्या डब्यात तो तिची बॅग सीटखाली सरकवत होता, तेव्हा नूतनला राहवलं नाही.

“तुमी राह्य म्हणा... मी नाई जात.”

“नाई म्हणत.”

“काऊन? जीव नाई मायावर?”

“हाये. म्हणूनच तं.” त्यानं बॅग आणखी आत ढकलली. “तुनं मायी चाल सरळ केली होती, तवा मायातलं काई पुसून टाकल्यासारखं वाटलं होतं मले. तुले थांबवलं तं मीबी तेच करीन.”

भोंगा झाला. तो नेहमीसारखा दाराशी थांबला, सोडायला आलेले लोक उतरायची वाट बघत. नूतन म्हणाली, “आज तुमी उतरा आधी.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि दांडा धरून सगळ्यांच्या आधी उतरला. फलाटावर लोक बघत होते, बघू दे. शेडखालून तो पावसात गेला, सावकाश, डावा पाय ओढत, काहीही न लपवता. नूतनला त्या चालीतलं पाऊल न् पाऊल पाठ होतं. तरी तो दिसेनासा होईपर्यंत ती खिडकीच्या गजांना कपाळ टेकून पाहत राहिली. मग गाडी हलली, आणि ती भरल्या डब्यात ढसाढसा रडली.