चौकटीत एकच चेहरा

माझा टॅबलेट स्वस्तातला आहे, हे आधीच सांगून टाकते. आठ इंची, पाठ प्लॅस्टिकची, जुन्या जालन्यात कापडगल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतलेला. माझा भाऊ त्याला खेळणं म्हणतो. म्हणू दे. त्या खेळण्याच्या जिवावर मी निम्मा जिल्हा पालथा घातलाय.

माझं छोटंसं सेवा केंद्र आहे. एरवी झेरॉक्स, वीजबिल, ऑनलाइन अर्ज. नोव्हेंबर आला की मात्र पेन्शनवाल्यांची रीघ लागते. आपण अजून जिवंत आहोत, हे त्यांना दरवर्षी सरकारला कळवावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. ज्यांना दुकानापर्यंत येणं जमत नाही, त्यांच्या घरी मीच जाते. टॅबलेट, घडीचा स्टँड, बोटाचा ठसा घेणारं चिमुकलं यंत्र, त्याची वायर, चिमट्यासारखा लागणारा दिवा आणि पॉवर बँक एवढा सगळा संसार जेवणाच्या डब्यासकट एका पिशवीत मावतो. भोकरदनला एकदा दिवसभर लाइट नव्हती. मोठी मशीनं घेऊन आलेले लोक हात बांधून बसले होते आणि मी लिंबाखाली बाजेवर स्टँड मांडून आख्खी रांग संपवली. तिथेच दोन जुळ्या म्हाताऱ्यांनी गंमत म्हणून जागा बदलून बघितली होती. माझ्या खेळण्यानं त्यांना दाद दिली नाही. तेव्हापासून माझा त्याच्यावर माणसापेक्षा जास्त विश्वास.

आष्टीहून शालूचा फोन आला, तेव्हा मी परतूरच्या फेरीच्या तयारीतच होते. तिचे सासरे तातेराव गुरुजी, निवृत्त शिक्षक. ती त्यांना मामा म्हणते आणि सासूला आत्याबाई.

"ताई, मामा न्हाई येऊ शकत जालन्याला. आत्याबाई गेल्या तवापासून उठायची ताकदच न्हाई राह्यली. दोन घास खाऊन राह्यले दिवसाला, तेबी मी लई मागं लागल्यावर. डॉक्टर म्हणले, असंच चाललं तर माणूस हाताला लागायचं न्हाई." मग आवाज उतरवून म्हणाली, "दाखला तर पायजेच. पण नवं माणूस घरी आलं तर दोन शब्द बोलतील, दोन घास खातील, म्हणून बोलावून राह्यले तुमाला."

परतूरपर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी. दोन्हीकडे कापूस फुटलेला, बायका ओट्या बांधून वेचणीला लागलेल्या. गुरुजींचं घर गावाच्या कडेला, स्लॅबचं, पुढे लांब ओसरी. आतल्या खोलीत कापूस छतापर्यंत भरला होता आणि त्याचा कोरडा, उबदार वास घरभर होता. दुपारचं स्वच्छ ऊन अंगणात पडलेलं. घाबरावं असं तिथे काहीच नव्हतं.

गुरुजी ओसरीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. पांढरा सदरा आतून रिकामा असल्यासारखा वाटत होता. पण दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री, खिशाला पेन. इतकं खंगूनही माणसानं पाहुण्यासाठी एवढं केलं होतं, हे बघून मला भरून आलं. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी होती. मी बसायला गेले, तर शालूनं लगबगीनं आतून सतरंजी आणली.

"इथं बसा ताई. ती खुर्ची आत्याबाईंची. मामा कुणाला बसू देत न्हाईत."

बोटाचा ठसा उमटला नाही. म्हाताऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, ते नेहमीचंच. मग मी चेहरा घ्यायचं ठरवलं. ते सोपं असतं. समोर धरलं की टॅबलेट चेहऱ्याभोवती चौकोन काढतो, डोळे मिटून उघडायला सांगतो आणि हिरवी खूण देतो. डोळ्यांची उघडझाप अशासाठी, की कुणी फोटो दाखवून मेलेल्याची पेन्शन खाऊ नये.

मी स्टँड उभा केला. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"चौकटीत एकच चेहरा असावा."

गुरुजींच्या मागे भिंतीवर त्यांच्या बायकोचा, द्वारकाबाईंचा, हार घातलेला फोटो होता. हसू आलं मला. एवढासा फोटोही सुटला नाही पठ्ठ्याच्या नजरेतून! शालूला फोटो उतरवून आत ठेवायला सांगितलं.

"चौकटीत एकच चेहरा असावा."

शालूला बाजूला उभं केलं. भिंग ओढणीनं पुसलं. टॅबलेट बंद करून पुन्हा चालू केला. मग आम्ही दोघींनी गुरुजींना धरून अंगणात आणलं आणि कोऱ्या भिंतीपुढे बसवलं. त्यांची खुर्ची मी उचलली होती. दुसरी शालूनं का आणली कुणास ठाऊक. सवयीनं आणली असेल.

पडद्यावर दोन चौकोन होते. एक गुरुजींच्या चेहऱ्याभोवती. दुसरा रिकाम्या खुर्चीच्या वर, बसलेल्या बाईचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर. त्यात नुसती चुन्याची भिंत दिसत होती.

मी टॅबलेट हळूच डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला. चौकोन खुर्ची सोडून हलला नाही. भिंतीवरच्या डागात यंत्राला नाकडोळे दिसत असतील, असं मी स्वतःला समजावलं. खुर्ची थोडी सरकवली, म्हणजे डाग मागे राहील. चौकोन खुर्चीबरोबर सरकला.

मला भीती वाटली. भर दुपारी, अंगणात, शेजारची कोंबडी पायात फिरत असताना वाटली.

"काय म्हणून राह्यलाय तुझा टॅब?" गुरुजींनी विचारलं.

"काही नाही गुरुजी. दोन चेहरे दिसतात म्हणतोय."

ते दचकले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याच म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. परीक्षेत पास झालेलं पोर तसं दिसतं.

"दिसती का?" ते म्हणाले. "मी सांगतो, तर पोरगा म्हणतो भास हाये. पुण्याला चला, डॉक्टरला दाखवू. तुझं मशीन त्याच्यापेक्षा हुशार निघालं गं पोरी."

शालूनं पदर तोंडाला लावला. मी म्हणाले, "गुरुजी, राहू द्या आज. मी पुन्हा येते."

"कशाला? एवढ्या लांबून आलीस." त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे मान वळवली. इतक्या वर्षांच्या संसारात रोज बोलत असतील, तेवढ्याच साध्या आवाजात म्हणाले, "द्वारके, जरा सरक गं. पोरीचं काम होऊ दे."

चौकोन हलला.

मला वाटलं, तो पडद्याबाहेर जाईल.

तो आत सरकला. सावकाश, गुरुजींच्या खांद्यापाशी आला. थांबला. मग त्यांच्या चेहऱ्याभोवतीच्या चौकोनावर नीट बसला.

आता पडद्यावर एकच चौकोन होता. लाल अक्षरं गेली होती.

"डोळे मिटा आणि उघडा."

मी पडद्यावरून नजर काढून गुरुजींकडे पाहिलं. ते समोर टक लावून बसले होते. पापणी हलली नाही. मी बघत होते. एकदाही हलली नाही.

टॅबलेटनं टिंग केलं. हिरवी खूण. तातेराव गुरुजी हयात असल्याचा दाखला तयार झाला होता.

कोंबडी कधीच निघून गेली होती. गुरुजींनी एक लांब श्वास घेतला, खुर्चीच्या हातांना धरलं आणि कुणाच्या मदतीशिवाय उठले.

"शाले, भाकर हाये का गं? जल्दी वाढ. लई भूक लागली."

शालू रडायलाच लागली. रडत रडत आत पळाली, भाकरी, पिठलं, ठेचा, जे होतं ते घेऊन आली. गुरुजी ओसरीवर पाटावर बसले आणि जेवले. घास मोडत, पिठलं बोटानं पुसून घेत, दुसरी भाकरी मागून घेत जेवले. शालू समोर बसून नुसती बघत होती. तिचा चेहरा उजळला होता, आणि तो बघून मलाही माझ्या भीतीची लाज वाटली. ज्यासाठी तिनं मला बोलावलं होतं, ते झालं होतं. मी मनातल्या मनात त्या स्वस्तातल्या टॅबलेटची पाठ थोपटली.

"ठेच्याला हातबी लावत न्हवते मामा," शालू माझ्याकडे वळून डोळे पुसत म्हणाली. "तिखट सोसतच न्हाई त्यांना. आज बगा."

मी स्टँड मिटला, वायर गुंडाळली. निघायची वेळ झाली होती.

गुरुजींनी ताटातच हात धुतला. ओला हात तोंडावरून फिरवला, भिंतीला पाठ टेकली आणि समाधानानं डोळे मिटले.

"पोटभर जेवले गं मी आज," ते म्हणाले.

"व्हय आत्याबाई," म्हणत शालू ताट उचलायला वाकली, आणि तशीच वाकलेली राहिली.