आईच्या खोलीतला स्पीकर

दादा तेव्हा जागा झाला होता का? हे मी सगळ्यांना विचारलं. बंबवाल्यांना, डॉक्टरांना, आईलासुद्धा.

दादा घरी बसून लोकांना त्यांच्या मशीनला, म्हणजे अँप्लिफायरला, झेपतील असे स्पीकर जुळवून द्यायचा. मला एकच तंबी होती.

"एका बाजूला एकच स्पीकर. दोन लावलेस तर मशीन तापेल."

"पण आवाज वाढेल ना?"

"वाढेल रे गाढवा. आणि घर जाळशील."

त्या दुपारी दादा दमून कामाच्या खोलीतच झोपला होता, कानात नेहमीचा कापूस. आई कामावर होती. मी दोन लावले. दार ओढून बाहेरून कडी घातली आणि रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू येतं का बघायला पळालो. येत होतं. मग एकदम बंद झालं. मला वाटलं, दादा उठला, आता फटके मिळणार. म्हणून तिथेच रेंगाळलो. धूर दिसला तेव्हा फार उशीर झाला होता.

महिन्याभराने आईच्या खोलीतला स्पीकर पुसायला घेतला. दादाने तिच्यासाठी बनवलेला. मागच्या तारा मोकळ्या लोंबत होत्या, कशालाच जोडलेल्या नव्हत्या. तरी पुढचा कागदी पडदा हलत होता. आत, बाहेर. सावकाश, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

"रोज दुपारी हलतो," दारातून आई हळूच म्हणाली. "जोड ना. काय म्हणतोय ऐकू दे."

"आई, नको..."

"का? तेव्हा बरं जोडता आलं तुला."

मी शेजारच्या काकांचं मशीन मागून आणलं. या वेळी सगळं दादाच्या पद्धतीने केलं. स्पीकरला झेपेल तेवढंच मशीन, आवाज शून्यावर, मग केसभर वर, आणखी केसभर.

आधी श्वास ऐकू आला. मग खोलीत जळक्या रबराचा वास पसरला. श्वास भरभर व्हायला लागला. खोकला... आणि मग धप्. धप्. लाकडावर मूठ आपटावी तसं.

आईने स्पीकरला मिठी मारली. "दार उघड रे त्याला... उघड ना!"

कुठलं दार उघडू? मी आवाज शून्यावर आणला. धपधप चालूच. तारा उपटल्या. आवाज थांबला, पण पडदा मुकाट्याने बाहेर उसळतच राहिला, फाटेल इतका.

स्पीकर कुठे न्यायचा असला की दादा त्याच्या दोन्ही तारांची उघडी टोकं एकमेकांत पिळून ठेवायचा. त्याने पडदा आवळला जातो, हिंदकळत नाही. मला दुसरं काही सुचलं नाही. मी टोकं पिळली.

पडदा थांबला. पण बाहेर आलेलाच राहिला, आत गेलाच नाही. त्यावर चार उंचवटे होते, मुठीच्या पेरांसारखे. आई त्यांच्यावरून बोटं फिरवायला लागली.

टोकं सुटू नयेत म्हणून मी वरून टेप गुंडाळली.