दातुक एकटाच दुकानात गेला

मी आता जे सांगणार आहे, त्यावर आपल्या या तायपिंग गावात आजवर कुणीही विश्वास ठेवलेला नाही. माझ्या सख्ख्या बहिणीने ठेवला नाही, आणि सुराया, तू माझी लाडकी नात असलीस तरी तूही ठेवणार नाहीस. पण लग्नाआधी मी तुझ्या आजोबांच्या मागे एक पाऊलही टाकलं नाही. गेला तो दातुक, आपलं कासव.

तो बघ, पपईखाली बसलाय. आज पाटाएवढा दिसतोय, तेव्हा जेवणाच्या ताटाएवढा होता. चालायचा मात्र तेव्हाही असाच, सरकारी पदवी मिळालेल्या साहेबासारखा. म्हणून तर माझ्या वडिलांनी त्याचं नाव दातुक ठेवलं. आणि तिकडे घंगाळ घेऊन बसलेत, ते तुझे आजोबा. दातुकच्या खाण्याच्या गोळ्या भिजवताना त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा मोकळेपणाने सांगते.

त्या दुपारी मी बाजारातून मासे आणि दातुकसाठी कांगकुंगच्या पाल्याची जुडी घेऊन निघाले होते. आमच्याकडे दुपारी पाऊस येतोच, त्यात नवल नाही. पण त्या दिवशी असा आला, की पिशवीतल्या माशांना वाटलं, पोचलो घरी! उड्या मारून गटारातून पोहत निघून गेले. मी धावत एका दुकानाच्या कमानीखाली शिरले. आत पोत्यांवर एक तरुण बसला होता.

"मासे गेले वाटतं," तो म्हणाला.

"जाऊ देत. पाला राहिलाय ना."

"पाला खाता?"

"मी नाही. माझं कासव खातं."

तो ताडकन उभा राहिला. एवढ्या कौतुकाने माझ्याकडे तोवर कुणी बघितलं नव्हतं... आणि तेही कासवामुळे! त्याच्याकडे कासवांच्या खाद्याच्या गोळ्या आल्या होत्या, कारखान्यात केलेल्या. लोक हसायचे. म्हणायचे, कासवाला पाला टाकावा, गोळ्या द्यायला त्याला ताप आलाय का?

त्याने एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. "कोमट पाण्यात भिजवायची. बोटाने दाबून बघायची – बोट रुतलं की झाली. आणि नुसत्या गोळ्या नकोत हं, सोबत गवत, पाला हवाच."

"बोट किती रुतायला हवं?"

"इतकं..." म्हणत त्याने माझ्या तळहातावरची गोळी हलकेच दाबली. ती कोरडी ठणठणीत, ती काय दबते! त्याच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

"नाही कळलं," मी म्हणाले. "उद्या परत दाखवा."

घरी येऊन मी गोळ्या भिजवल्या. दातुकने सगळ्या खाल्ल्या, वाटी उलटी करून तिच्याखालीही बघितलं. आणि दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन सांगितलं, "तोंडसुद्धा लावलं नाही हो, एन्चिक कमारुल."

"ओपाह!" असं आजीवर ओरडतेस काय, सुराया? खाल्ल्या म्हटलं असतं तर एक पोतं घेऊन गुपचूप घरी बसावं लागलं असतं. नाही म्हटलं की रोज नवा उपाय.

"चिक मस्तुरा, जास्वंदीच्या पाकळ्या कुस्करून मिसळा."

"मिसळल्या. पाकळ्या खाल्ल्या, गोळ्या थुंकल्या."

"पपईचा गर लावून बघा."

"गर चाटला. आणि माझ्याकडे असा बघत राहिला..."

"कसा?"

"तुम्ही बघताय तसाच."

पुन्हा कान लाल.

काय म्हणालीस? रोज दुकानात जायचे, म्हणजे मागेच लागले होते? अगं, गिऱ्हाइकाच्या जाण्याला कुणी मागे लागणं म्हणतं का!

पण एक दिवस गेले, तर हा पोती बांधत होता.

"शनिवारी दुकान बंद करतोय," मान खाली घालून म्हणाला. "जोहोरला भावाकडे जातो."

"का पण?"

"तुमच्या दातुकवर माझी सगळी भिस्त होती. जे कासव तुमच्या हातून खात नाही, ते आणखी कुणाच्या हातून खाणार?"

खरं सांगावं, तर इतके दिवस खोटं का बोललात, असं तो विचारणार. त्याचं उत्तर एकच होतं, आणि ते मुलीने द्यायची आमच्यात पद्धत नाही. मुलाकडची मोठी माणसं विड्याचं तबक घेऊन येतात, विचारतात, आणि मुलगी स्वयंपाकघरात चहा ढवळत बसते. न सांगावं, तर शनिवारी तो जाणार.

मी घरी आले आणि कुंपणाचं फाटक लावून घेतलं. हे लक्षात ठेव, नीट लावून घेतलं.

शनिवारी दुपारी दातुकने ते डोक्याने ढकललं आणि निघाला. एकटा! गोळ्यांचा वास नाकात होताच. तळ्याकाठच्या झाडांखालून गेला, वाटेत एका सायकलवाल्याला मागे टाकलं. चौकातल्या पोलिसाने शिट्टी फुंकून लॉऱ्या थांबवल्या आणि त्याला सलाम ठोकला. तेवढ्यात पाऊस आला. असा, की तळं रस्त्यावर चढलं. पण दातुक थांबतोय कसला! गळ्यापर्यंत चिखलात, डोळे मिटून, चालतच राहिला.

दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. याने शेवटच्या म्हणून वाटीभर गोळ्या सवयीने भिजवून ठेवल्या होत्या. दातुक शटरखालून आत शिरला आणि वाटीत तोंड घालून खातच सुटला. कमानीखाली उभे असलेले लोक वाकून बघायला लागले.

"अरे, हे तर खातंय! पाला सोडून गोळ्या खातंय!"

मग काय, पोती सुटली आणि शटर वर गेलं.

"आणि ओपाह, तू कुठे होतीस?"

मी? घरी. स्वयंपाकघरात. पाऊस थांबल्यावर त्याला शोधत शोधत गेले. कोरड्या कपड्यांत.

"चिक मस्तुरा," हा म्हणाला, "याला गोळ्या आवडत नव्हत्या ना?"

"आज चालून भूक लागली असेल..."

"मग आता रोज भिजवाव्या लागणार. कोण भिजवेल? तुम्ही की मी?"

"तुम्हीच भिजवा, अबांग," मी म्हणून गेले. परक्याला म्हणतात तसं एन्चिक म्हणायचं, तर तोंडून नवऱ्याला म्हणायचं अबांग निघालं! मग माझेही कान लाल झाले.

पुढच्याच आठवड्यात त्याची आई विड्याचं तबक घेऊन आली. भेटींच्या ताटांत मिठाई होती, कापड होतं, आणि एका ताटात गोळ्या रचून केलेलं जास्वंदीचं फूल. ते दातुकने खाल्लं. तर सांगायचं काय, सुराया, त्या पावसात मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. दातुकच आपल्या पायांनी –

"मस्तुरा," घंगाळातली गोळी बोटाने दाबून बघत तुझे आजोबा मान वर न करता म्हणाले, "अर्ध्या शटरखालून मला आधी माणसाचे दोन पाय दिसले, मग कासवाचे चार. कासवाचे चारही कोरडे होते. भिजले होते ते दोन."