चार्जर चारलाच बंद पडतो

मी हरेश, गव्हाणचा वायरमन. आता ते काम सोडलंय. का सोडलं, ते सांगतो.

गेल्या वैशाखात दीपेशशेठचा फोन आला. शिरढोणच्या अलीकडे त्यांचा बंगला. नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती, पण घरचा चार्जर रोज दुपारी चारला बंद पडायचा. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, त्याला दोष सापडला नाही. बंगल्याची वायरिंग तुझी आहे, तेव्हा तूच बघ, म्हणाले.

मी तीनला पोचलो. केबल, प्लग, अर्थिंग, व्होल्टेज, सगळं तपासलं. सगळं ठीक. गाडी चार्ज होत होती. पोर्चमधली फरशी उन्हानं भाजत होती, झाडाचं पानही हलत नव्हतं.

बरोबर चारला खट्‌कन आवाज झाला. वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा सेफ्टी स्विच पडला होता. वर केला, पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. मग वास आला… ओल्या सिमेंटचा. खाली बघितलं तर त्या तापलेल्या फरशीवरून गाडीच्या दारापर्यंत ओली पावलं गेली होती. बारीक, बाईची.

मी ओळखलं. शेठनीही ओळखलं असावं, कारण ते तिकडे बघतच नव्हते.

बंगला बांधताना पाण्याची मोटर हाच स्विच सारखा पाडायची. काम अडतंय म्हणून शेठनी तो काढून तार थेट जोडायला सांगितली, आणि मी जोडली. वाडीवरची मंगळी भिंतींना पाणी मारायला यायची. एका दुपारी चारला, लोखंडी पाइपाला झिणझिण्या येतात, असं ती सांगायला आली. "धर, काही होत नाही," शेठ म्हणाले. तिनं धरला. पोलीस यायच्या आत मी स्विच परत बसवला, आणि ती फिट येऊन गेली असा जबाब आम्ही दोघांनी दिला.

"स्विच काढ. तार थेट जोड," शेठ आता म्हणाले.

"नको शेठ… ती उभी आहे."

"मग तू सरक बाजूला."

त्यांनी स्वतःच तार जोडली. चार्जरचा हिरवा दिवा लागला. चार्जिंगची गन गाडीत नीट बसलीय का, ते बघायला शेठ वाकले.

तेवढ्यात अगदी जवळून, हळू आवाज आला.

"धरा ना, शेठ… काय नाय होत."

त्यांचा हात दाराच्या हँडलवर गेला. परत सुटला नाही. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. दिवा विझला, मीटर थांबला. तरी शेठचं अंग थरथरतच होतं… बराच वेळ. मी त्याच गाडीला धरून खाली बसलो होतो. मला शॉक लागला नाही.

शेठ गेल्यावर आठवड्यानं मी पोलिसांत जाऊन मंगळीबद्दलचा खरा जबाब दिला आणि तिथूनच वाडीवर गेलो. तिचा नवरा काळू दारात बसला होता. मी सगळं सांगितलं.

"ठाव हाय," शेवटी तो म्हणाला. "ती रातीला येऊन सांगून गेली. दुसरा आपल्या पायानं येल, बोलली."

मग आत जाऊन त्यानं पाण्यानं भरलेला तांब्या आणला नि माझ्यापुढं धरला. त्या झोपडीत वीज नव्हती. वाडीपर्यंत खांबच आले नव्हते.

मी तांब्याला बोटं लावली आणि झिणझिण्या कोपरापर्यंत चढल्या. काळूचा हात मात्र तांब्याखाली तसाच, अगदी स्थिर होता.