एक्केचाळीस नंबर अजून आत

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं काम मी एप्रिलात घेतलं. काम साधं होतं. कारखान्याची माहिती तीन ठिकाणी पडलेली असायची. कामगार कधी आले, कधी गेले ते गेटवरच्या अंगठ्याच्या मशीनमध्ये. कुठला माग किती चालला ते मागांना बसवलेल्या सेन्सरमध्ये. आणि जुना सगळा इतिहास हजेरी कारकून ज्ञानबाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मस्टरमध्ये. ही तिन्ही एकमेकांना जोडायची, क्लाउडवर चढवायची आणि मालकांना घरबसल्या मोबाइलवर दिसतील अशी करून द्यायची. पुण्यात आठ वर्षं मी हेच करत होते. सोलापुरात परत आल्यावर लोक विचारायचे, पूनम, तू नक्की करतेस काय? मी म्हणायची, जोडून देते. ऐकणाऱ्याला वाटायचं मी नळाची कामं घेते.

माझी एक खोड सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. मला रिकामी जागा बघवत नाही. फळीवर दोन डब्यांमध्ये फट राहिली तर मी उठून डबे सरकवते. कामातही तसंच. रकाना रिकामा दिसला की हात शिवशिवतात.

कारखान्यात प्रत्येक कामगाराला एक नंबर होता. पत्र्याचा बिल्ला, त्यावर नंबर. एक ते सत्त्याऐंशी. मधले काही नंबर मात्र कुणाकडेच नव्हते. मस्टरमध्ये त्या ओळींवर लाल शाईने आडवी रेघ मारलेली होती. मी समजले, काम सोडून गेले असतील. मालक अमरेश, तिशीतला मुलगा, त्यांनीही स्क्रीन बघून विचारलं, "मॅडम, हे मधेमधे दात पडल्यासारखं काय दिसतंय?" मग काय, मला निमित्तच मिळालं. त्याच आठवड्यात शिलाई खात्यात चार बायका नवीन लागल्या होत्या. मी ते रिकामे नंबर त्यांना देऊन टाकले. एक्केचाळीस नंबर चंद्रिकाला गेला.

ज्ञानबाला विचारायला हवं होतं. तो माझ्यापासून दहा पावलांवर टेबलाशी बसलेला होता. मी विचारलं नाही.

चंद्रिका चोवीस वर्षांची, अक्कलकोटकडची. नवरा ट्रकवर, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. ती, सासू शांतम्मा आणि चार वर्षांची सृष्टी अशा तिघी सोलापूरच्या बाळे भागात राहायच्या. टॉवेलच्या किनारी शिवायचं तिचं काम. बोलकी, सारखी हसणारी. पहिल्यांदा सगळं जोडून स्क्रीनवर आणलं तेव्हा तिच्या नावापुढे आलं, वय चोवीस, नोकरी सव्वीस वर्षं. नंबर एकच असल्यामुळे आधीच्या माणसाचा सगळा इतिहास तिच्या नावाला चिकटला होता. आम्ही पोट धरून हसलो.

"चंद्रिका, जन्मायच्या आधीच कामाला लागलीस की गं!" अमरेश म्हणाले.

"मग सर, पेन्शन चालू करा की आता," ती पदर तोंडाला लावून म्हणाली.

मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करते. केलं नाही. दुसरं काहीतरी निघालं, मग तिसरं. तेवढ्यात एक गोष्ट मात्र माझ्या नजरेला पडली होती. एक्केचाळीस नंबरची जुनी शेवटची नोंद गेल्या वर्षी चौदा मेची होती. आत येण्याची वेळ दुपारी एक पंचावन्न. बाहेर जाण्याची वेळ रिकामी.

त्यानंतर आठ दिवसांत चंद्रिकाचा अंगठा गेटवरचं मशीन घेईना. रोज सकाळी ती अंगठा पदराला पुसून पुसून लावायची आणि मशीन आतल्या रेकॉर्ड केलेल्या बाईच्या गोड आवाजात सांगायचं, पुन्हा प्रयत्न करा. शेवटी ज्ञानबा तिची हजेरी कागदावर लिहायला लागला. मग तिचं हसणं थांबलं. शिलाईच्या टेबलावर ती मान वाकडी करून बसायची. भिंतीपलीकडच्या मागांचा आवाज ऐकत असल्यासारखी. एकदा उठली, सरळ मागांच्या शेडमध्ये गेली आणि तेवीस नंबरच्या मागावरच्या पोराला म्हणाली, "बंद कर. धोटा उडेल आता." त्याने बंद केला. खरंच, धोट्याला, आडवा दोरा घेऊन धावणाऱ्या त्या लाकडाला, चीर गेली होती. जन्मात तिने माग चालवला नव्हता.

त्या दिवशी ज्ञानबा मला बाहेर लिंबाखाली घेऊन गेला. साठीचा, जाडजूड मिशांचा माणूस, पण आवाज अगदी खाली आणून बोलत होता.

"मॅडम, एक्केचाळीस नंबर तुमी दिलाव तिला?"

"हो. रिकामा होता."

"रिकामा न्हवता ओ. लाल रेघ हाय त्यावर. गेलेला माणूस हाय तो."

"काम सोडून..."

"न्हाय. गेलेला. सिद्धाराम जॉबर. सव्वीस वर्षं माग दुरुस्त केले त्यानं. गेल्या मे महिन्यात नऊ नंबरच्या मागाजवळ तुटलेला दोरा जोडायला वाकला, तो उठलाच न्हाय. आमच्याकडं गेलेल्याचा नंबर कुणालाच देत न्हाईत. बिल्ला घरच्यांकडं देतो आन नंबर बंद. त्याच्या घरी कुणी नव्हतंच, म्हणून बिल्ला माझ्याकडंच हाय."

नऊ नंबरचा माग मी पाहिला होता. शेडच्या कोपऱ्यात, वायर काढून ठेवलेला. त्यावर अर्धवट टॉवेल तसाच ताणलेला आणि त्यावर बोटभर धूळ. सगळ्या मागांना सेन्सर लावले तेव्हा मी त्यालाही लावला होता. रिकामं कसं ठेवायचं, म्हणून.

मला वाटलं, म्हातारा घाबरलाय आणि मलाही घाबरवतोय. चांगलं सुनावणार होते. पण दुसऱ्याच दिवशी शांतम्मा सृष्टीला कडेवर घेऊन गेटवर आली.

"बाई, तुमी कंप्युटरवाल्या ना? माझ्या सुनेला काय झालंय बघा की. घरी येते, जेवते, झोपते. पण येत न्हाय घरी."

"म्हणजे?"

"कसं सांगू... रातभर उशाशी बसून हात असं असं करते." तिने दोन्ही हातांची बोटं अशी हलवली की न दिसणारा दोरा पकडून त्याला गाठ मारतेय. "पोरगी जवळ जाईना तिच्या. वीस दिवस झाले."

मी सृष्टीच्या गालाला हात लावला. ती आजीच्या खांद्यात तोंड खुपसून एवढंच म्हणाली, "अव्वा न्हाय ती."

अव्वा म्हणजे आई. चार वर्षांचं लेकरू. मी माझी फळी नीटनेटकी केली आणि तिची आई कुठे जाऊन बसली? मी शांतम्माला म्हटलं, "मी करते नीट. शब्द देते." आणि शब्द देताना काय नीट करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

रात्रभर विचार करून मी माझ्यापुरतं उत्तर काढलं. सिद्धारामची पाळी सुटलेलीच नव्हती. आत आल्याची नोंद होती, गेल्याची नव्हती. बाकी तिघींना दिलेल्या नंबरांवर ती होती. आणि मी त्या न सुटलेल्या पाळीला चंद्रिका बांधून ठेवली होती. मग उपाय दोन ओळींचा होता. तिला नवा नंबर द्यायचा. आणि त्याला बाहेर जाऊ द्यायचं.

साप्ताहिक सुट्टीला मी कारखान्यात गेले. सुट्टीलाच, कारण त्या दिवशी अंगठे नसतात आणि जोडणी उलगडताना मध्येच नवीन नोंद घुसत नाही. मे महिन्याची दुपार. सोलापूरच्या उन्हात अडीच वाजता रस्त्यावर कुत्रंही नसतं. ज्ञानबाने कुलूप काढलं तेव्हा साखळीचा चटका बसून तो हात झटकत राहिला. शेडमध्ये चौसष्ट माग गप्प उभे. पत्रे तापून मधूनच टण्ण वाजायचे. सुताची धूळ, खळीचा आंबूस वास आणि त्यात कुठेतरी ताज्या तंबाखू-चुन्याचा.

मी ऑफिसात लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर त्रेसष्ट माग बंद होते. नऊ नंबर चालू होता.

"ज्ञानबा... नऊ नंबरला वायर आहे?"

"न्हाय की. वर्ष झालं."

मग आम्हाला आवाज आला. खटक. खटक. संथ, एका लयीत. ज्ञानबाने माझ्याकडे पाहिलं आणि जागचा हलला नाही. मी गेले. धीट होते म्हणून नाही. शब्द दिला होता म्हणून.

माग हलत नव्हता. आवाज येत होता, पण माग जागच्या जागी होता. त्याच्यासमोर, पाठ माझ्याकडे करून, चंद्रिका उभी होती. आताच तर कुलूप काढलं होतं आम्ही. मागावरचा टॉवेल धुळीने पिवळा पडलेला होता, पण त्याच्या पुढच्या टोकाला चार बोटं रुंद नवं कापड होतं. पांढरं स्वच्छ.

"चंद्रिका..."

"दोरा तुटलाय." आवाज तिचाच. बोलण्याची ढब मात्र एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्याची. "त्यो जोडल्याबिगर कसं जायचं..."

"तुम्ही घरी जा आता." तुम्ही हा शब्द आपोआप आला.

"भोंगा कुटं झालाय?" तिने डाव्या तळहातावर उजवा अंगठा घासला, हळूहळू, तंबाखू मळावी तसा. "पाळी सुटली न्हाय अजून..."

मी पळत ऑफिसात आले. हात इतके घामेजले होते की अक्षरं चुकत होती. आधी नवा नंबर तयार केला. अठ्ठ्याऐंशी. नाव, चंद्रिका. नोंद पूर्ण व्हायला आत आल्याची वेळ लागत होती, आणि ती आतच तर उभी होती. मी भरली. तीन वाजून पाच. मग एक्केचाळीस नंबर उघडला. सिद्धाराम, चौदा मे, बाहेर जाण्याची वेळ. तो रिकामा रकाना वर्षभर तसाच होता. मी त्यात आजची तारीख आणि तीन वाजून दहा टाकलं.

खटक थांबली.

पाचेक मिनिटांनी चंद्रिका ऑफिसच्या दारात आली. डोळे चोळत, केस विस्कटलेले. "मॅडम, मी हितं कशी? सुट्टी हाय की आज..." मला रडूच फुटलं. तिला पाणी दिलं. ती तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. ज्ञानबा म्हणाला, चल पोरी, माझ्या गाडीवर सोडतो. गेटमधून जाताना सवयीने तिने मशीनवर अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, थँक यू. वीस दिवसांत पहिल्यांदा. ज्ञानबाने उन्हातच सिद्धेश्वराच्या दिशेला हात जोडले.

संध्याकाळी सातला शांतम्माचा फोन आला. "बाई, आली ओ आली! पोटभर जेवली. पोरगी आज आपणहून तिच्याजवळ गेली. कुशीत घेऊन निजवलंय बघा तिनं." ती रडत होती, मीही. देवाला केला नसेल तेवढ्या भक्तीने मी त्या लॅपटॉपला हात लावून नमस्कार केला. आणि केलेलं काम एकदा डोळे भरून बघावं म्हणून तो उघडला.

एक्केचाळीस नंबर. बाहेर, तीन वाजून दहा. ती माझी नोंद. तिच्याखाली आणखी एक नोंद होती, जी मी केली नव्हती. बाहेर, तीन सव्वीस. ठिकाण, मुख्य गेट. अंगठा जुळला.

अठ्ठ्याऐंशी नंबर. चंद्रिका. आत, तीन वाजून पाच. बाहेर जाण्याची वेळ रिकामी.

मी फोन लावला. "शांतम्मा, सृष्टी कुठाय?"

"निजलीय की तिच्याजवळ. का ओ बाई? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

अठ्ठ्याऐंशीलाही बाहेर पाठवावं असं त्या रात्री मनात आलं. रकान्यावर बोट ठेवलं होतं. पण एक्केचाळीस तर आता बाहेर आहे, आणि दोघांना राहायला अंग एकच. ती बाहेर येऊन जाईल कुठे? मी लॅपटॉप मिटला. जिला रिकामी जागा बघवत नाही, ती मी, तो एक रकाना गेला दीड महिना रिकामा ठेवून बसले आहे.

शांतम्मा खूश आहे. सून कमी बोलते, पण पोरीचं सगळं करते म्हणे. शिलाईचं काम तिने सोडलं.

कारखान्यात नऊ नंबरच्या मागाजवळ आता कुणी जात नाही. त्याचा सेन्सर मी काढून आणला, तो माझ्या कपाटात आहे. तरी दर पंधरा मिनिटांनी क्लाउडवर त्याची नवी ओळ येते. सुरुवातीला चार फेऱ्या आणि बंद, सहा फेऱ्या आणि बंद. सिद्धारामचा माग असा कधी चालला नसता. हा शिकाऊ हात होता, दर थोड्या वेळाने दोरा तोडणारा, आणि गाठ मारायला खूप वेळ घेणारा.

काल दुपारी तो पहिल्यांदा सबंध पंधरा मिनिटं न थांबता चालला.