करडी माती

ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या मावसभावाच्या मित्राची नाही, माझी आहे.

पटली नाही तर सोडून द्या. मलाही अजून धड पटलेली नाही. फक्त ती घडताना मी तिथे होते.

आणि यात मध्यरात्र, पडका बंगला, कुत्र्याचं रडणं असलं काही शोधू नका. जे झालं ते दिवेलागणीला झालं. आमच्या शेडमध्ये, जिथे मी रोज चहाचे कप विसळते.

माझा नवरा पुतळे घडवतो. तो मातीत चेहरा करतो, मी त्याचा प्लास्टरचा साचा काढते. पुतळ्याखाली नाव त्याचं असतं, हाताला भेगा मात्र दोघांच्याही. तो त्या जागेला स्टुडिओ म्हणतो. मी शेड म्हणते, कारण पत्र्याची शेडच आहे ती. मागे आमच्या दोन खोल्या.

आमची माती करडी. ती लांबच्या खाणीतून पोत्यांनी येते. आमच्या भागात सगळीकडे तांबडी माती, त्यामुळे करडा ठिपका दिसला की तो आमच्याच घरातला, हे शेजाऱ्यांनाही माहीत आहे. मुलं लहान होती तेव्हा कुणाच्या सोफ्यावर बसून आली ते लगेच कळायचं.

ही माती वाळू द्यायची नसते. वाळली की तडकते. म्हणून रोज संध्याकाळी पुतळ्याला ओलं फडकं गुंडाळायचं, वरून सुतळी बांधायची. हे माझं काम.

त्या वर्षी काम आलं ते आमच्याच गल्लीतल्या पोराचं. युद्धात गेला होता तो. पंचविशीही गाठली नव्हती.

त्याला मी चांगली ओळखत होते. लहानपणी त्याने आमची काच चेंडूने फोडली होती आणि कुणी विचारायच्या आत स्वतःच येऊन काचा झाडून गेला होता. शेवटच्या सुट्टीत आला तेव्हा शेडच्या दारात उभा राहून बराच वेळ काम बघत होता.

"काका, माझा कधी करणार?"

"मोठा माणूस हो आधी," नवरा म्हणाला. "मग करतो."

तो हसला. मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

स्मारक समितीने अर्धपुतळा करायचं ठरवलं, तेव्हा एक अडचण आली. त्याचे फोटो सगळे समोरून काढलेले. बाजूने एकही नाही. आणि समोरच्या फोटोवरून कान, जबडा, मानेचा उतार काढायचा म्हणजे अंदाजपंचे कारभार. मग नवऱ्याने त्याच्या धाकट्या भावाला बसवायचं ठरवलं. दोघांचा चेहरा एका ठशाचा. कॅलिपर लावून धाकट्याची मापं घेतली आणि काम सुरू झालं.

त्याची आई, आमच्या गल्लीच्या ताई, मात्र एकदाही आली नाही.

त्याचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. घरी आली होती ती बंद पेटी. उघडू नका, असं सोबत आलेल्या अधिकाऱ्यांनी बजावून सांगितलं होतं. कुणी उघडली नाही. आणि तेव्हापासून ताईंचं एकच म्हणणं होतं.

"कुणी पाहिलं नाही ना? मग तो माझाच कशावरून?"

त्या घराच्या पुढच्या दाराला तेव्हापासून कडी नव्हती. तो किल्ली विसरतो, आल्यावर ताटकळत उभा राहील, म्हणून. धाकटा परगावी मिळालेली नोकरी सोडून घरी बसला होता, कारण दार उघडं टाकून आईला एकटं कसं ठेवायचं?

पुतळा जवळजवळ झाला होता. एका संध्याकाळी मी फडकं गुंडाळलं, सुतळी बांधली आणि मागे स्वयंपाकाला गेले.

थोड्या वेळाने शेडमधून आवाज आला.

थप... थप... थप...

हा आवाज मी झोपेतही ओळखेन. ओल्या मातीवर तळहात मारल्याचा. माती चिकटवताना असाच मारतात.

मला राग आला. मी एवढं बांधून ठेवायचं आणि याने लगेच सोडायचं. मी ओरडले, "अरे, आता पुरे की! उद्या कर."

थप... थप...

आवाज थांबला.

आणि खोलीच्या बाजूच्या दाराने नवरा आत आला. हातात पिशवी, पिशवीत बटाटे.

"कुणावर ओरडतेस?" त्याने विचारलं.

आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. दिवा लावला. कुणी नव्हतं.

सुतळी सुटलेली होती. फडकं स्टुलावर होतं... घडी करून. साधीसुधी नव्हे, कडेला कड जुळवून केलेली चौकोनी घडी. आमच्या घरात अशी घडी कुणी करत नाही. नवरा तर टॉवेलही पलंगावर फेकतो.

आणि पुतळ्याचा डावा कान नव्हता.

कानच नव्हे, गालाच्या हाडापासून जबड्यापर्यंतचा भाग आत गेला होता. कोरणीचा ओरखडा नाही. बोटाचा ठसा नाही. तो भाग कधी तिथे नव्हताच, असं वाटत होतं.

मी खाली पाहिलं. एवढी माती निघाली तर खाली पडायला हवी.

पडली नव्हती.

नवरा म्हणाला, मांजर असेल. मी म्हटलं, हो, आणि मांजराने जाताना फडक्याची घडी घातली. सकाळी उठून त्याने गाल पुन्हा भरला.

संध्याकाळी पुन्हा तेच.

त्यानंतरही तेच. तो सकाळी भरायचा, मी बांधायचे आणि अंधार पडता पडता ते रिकामं व्हायचं. आवाज कधी यायचा, कधी नाही. मी जागची हलायचे नाही. गॅस मोठा करायचे, भांडी वाजवायचे. ऐकूच येऊ नये म्हणून.

मग एका सकाळी धाकटा ठरल्यापेक्षा लवकर आला. नवऱ्याने अजून काही दुरुस्त केलं नव्हतं. पुतळा उघडाच होता.

तो दारातच थांबला. त्याचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला.

"काकू..." तो म्हणाला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"असंच होतं. अगदी असंच."

मग तो मातीच्या पोत्यावर बसला आणि त्याने आम्हाला सांगितलं. त्याने पेटी उघडली होती. अधिकाऱ्यांच्या हातापाया पडून दादासोबत थोडा वेळ एकटं राहायची परवानगी मागितली होती. आणि बाहेर येऊन आईला म्हणाला होता, नाही उघडली. तिने 'कसा दिसत होता?' असं विचारलं तर काय सांगायचं, याची भीती वाटली होती त्याला.

"वाटलं, होईल हळूहळू शांत," तो म्हणाला. "ती वाट बघत बसेल असं वाटलं नव्हतं. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

जाता जाता त्याने हात जोडले. "काका, हे नीट करा. आणि आईला हे दिसू देऊ नका."

नवऱ्याने ठरवलं, आता उशीर करायचा नाही. आज गाल पुरा करायचा आणि उद्या सकाळी मी साचा काढायचा. एकदा साचा निघाला की मातीचं काय व्हायचं ते होवो. दुपारपर्यंत त्याने कान, गाल, जबडा सगळं केलं. चेहरा देखणा झाला होता. मी स्वतः फडकं बांधलं आणि सुतळीला दुहेरी गाठ मारली.

त्याच दिवशी, ऊन उतरायच्या वेळेला, ताई आल्या.

दारात उभ्या. चेहरा उजळलेला. इतक्या दिवसांत मी त्यांना तशा पाहिल्या नव्हत्या. हातात एक रुमाल, त्यात काहीतरी बांधलेलं.

"पुतळा थांबवा," त्या म्हणाल्या. "तो आलाय."



"कोण, ताई?"

"अगं, रोज येतोय. लाजतोय आत यायला. मी झोपल्यावर उंबऱ्यापर्यंत येतो आणि जातो. सकाळी त्याच्या बुटांची माती पडलेली असते. हे बघ ना. धाकट्याला सांगितलं तर तो मलाच वेड्यात काढेल, म्हणून तुझ्याकडे आणली."

त्यांनी रुमाल सोडला.

आत माती होती. ओली, मऊ.

करडी.

"आपल्याकडे अशी माती नाहीच," त्या आनंदाने सांगत होत्या. "लांबून येतोय ना तो. तिकडची असेल."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता. करडी माती कुणाच्या घरातली, हे ताईंनाही ठाऊक होतं; त्यांना ते आठवायचंच नव्हतं. त्या बाईच्या हातात तिचा मुलगा जिवंत होता. तो मी कसा काढून घेऊ?

तेवढ्यात धाकटा आईला शोधत आला. त्याने रुमालातली माती पाहिली. मग शेडच्या कोपऱ्यातली, भिजवलेली माती ठेवायची टाकी पाहिली. त्याला समजलं. आणि त्याचं बघणं ताईंनी पाहिलं.

त्याही टाकीकडे वळल्या. मग पुन्हा धाकट्याकडे; दादा आला असेल, अशी क्षणभराचीही आशा त्याच्या चेहऱ्यावर नव्हती.

"तू पेटी उघडली होतीस," त्या त्याला म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

धाकट्याने होकाराने मान हलवली.

"तोच होता?"

"हो, आई."

"नक्की?"

"दादाच होता."

ताईंच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. तो जाताना मी पाहिला आणि मला रडू फुटलं. त्या मात्र रडल्या नाहीत.

"कापड सोड," त्या मला म्हणाल्या.

"ताई, आता चांगला झालाय तो. दुपारीच पुरा केलाय..."

"सोड."

मी वळले... सुतळी खाली पडली होती. दुहेरी गाठ तशीच्या तशी. आणि फडकं स्टुलावर होतं, चौकोनी घडी करून.

आम्ही सगळे तिथेच होतो. त्या बाजूला कुणी गेलं नव्हतं.

ताईंनी घडी उचलली. तिच्या कडांवरून बोट फिरवलं. "ही सवय त्याला तिकडे लागली," त्या हळूच म्हणाल्या. "घरी आला की माझं हात पुसायचं फडकंसुद्धा असंच ठेवायचा. मी हसायचे त्याला."

मग त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं. डावी बाजू नव्हती.

मला वाटलं, त्या कोसळतील. नवरा पुढे झाला. पण त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्या पोकळ जागेवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला.

"थंड पडलाय," त्या म्हणाल्या. मग धाकट्याला, "लगेच गेला का रे? की वेळ लागला?"

"मला माहीत नाही, आई."

त्यांनी रुमालातली माती घेतली. त्या पोकळीत भरली. आणि तळहाताने दाबू लागल्या.

थप... थप... थप...

तोच आवाज. तीच लय. स्वयंपाकघरात ऐकलेली. तो आवाज इतके दिवस मी ऐकत होते आणि तो ज्या हातांचा होता ते हात आज पहिल्यांदा शेडमध्ये आले होते.

माती पुरली. बरोबर पुरली, कमी नाही की जास्त नाही.

"दार लावते आता," जाताना ताई म्हणाल्या. "सगळं घर गार पडतं उगाच."

रात्रभर आम्ही दोघं जागे होतो. सकाळी पुतळा जसाच्या तसा होता. मी साचा काढला. गालावरच्या ताईंच्या बोटांच्या ठशांना नवऱ्याने हात लावला नव्हता. अनावरणाच्या दिवशी समितीचे अध्यक्ष म्हणाले, गाल जरा खडबडीत राहिलाय. नवरा म्हणाला, ती शैली आहे. अध्यक्षांनी समजल्यासारखी मान डोलावली.

ताई सावरल्या. जेवू लागल्या, चार माणसांत बसू लागल्या. धाकट्याला म्हणाल्या, तू तुझी नोकरी बघ आता. त्यांच्या दाराला नवी कडी बसली.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

साचा काढल्यावर आतली माती खरवडून पुन्हा टाकीत टाकतात. तीच पुढच्या कामाला वापरायची असते. तशी मी टाकली.

काही महिन्यांनी धाकटा रस्त्यात भेटला. मी विचारलं, "नोकरीचं काय झालं? गेला नाहीस अजून?"



"कसा जाऊ, काकू? रोज सकाळी आईच्या आधी उठावं लागतं."

"का रे?"

"बंद दाराबाहेर माती असते. पूर्वी थोडी असायची. आता जास्त असते... बराच वेळ उभं राहिल्यासारखी. ती उठायच्या आत झाडून टाकतो."

मी घरी येऊन टाकीत पाहिलं. माती बरीच खाली गेली होती. त्यानंतर नवं काम आलं नव्हतं, आम्ही तिला हात लावला नव्हता.

मी टाकीवर फळी ठेवली, फळीवर प्लास्टरचं पोतं. सकाळी पोतं बाजूला होतं. फळी भिंतीला नीट टेकवलेली होती.

मला वाटलं होतं, आईने वाट बघणं सोडावं म्हणून तो येत होता. आता वाटतं, दार उघडं होतं म्हणून येत होता, आणि आता बंद दाराबाहेर ताटकळतो. यातलं खरं काय, ते मला माहीत नाही. ताई भेटल्या की विचारतात, "आता शांत आहे ना गं तुमच्याकडे?" मी हो म्हणते.

टाकीवर मी आता काही ठेवत नाही. संध्याकाळी फडकं ओलं करून वर पसरते आणि मागे जाऊन गॅस मोठा करते.

सकाळी त्याची घडी झालेली असते.