वीटभट्टीवरचा पुकारा

दार लोटून घ्या रे आधी, धुकं आत येतंय. शनिवारच्या शोलेतचा, त्या रात्रभर शिजणाऱ्या कालवणाचा, घेवडा भिजत घातलात ना? मग बसा. नाही गं पोरी, दिवा मोठा करू नकोस. माझे डोळे म्हातारे झालेत, त्यांना एवढाच बरा.

भुताची गोष्ट पाहिजे म्हणता? भुताची मला येत नाही. टिबोरची सांगतो. आपल्या जुन्या दफ्तराच्या खोलीतला टिबोर. त्याने ती मला न पिता सांगितली, आणि न पिता टिबोर कधी खोटं बोलत नाही.

दोन वर्षं झाली. डिसेंबरची एकवीस तारीख, गुरुवारची रात्र. दुसऱ्या दिवशी तेवेत महिन्याचा दहावा दिवस, आपला ज्यू लोकांचा उपास. ज्यांच्या मरणाची तारीख कुणालाच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी त्या दिवशी मेणबत्त्या लावायच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या गावात अशीच माणसं जास्त. प्रार्थनाघराच्या याच स्वयंपाकघरात आपली स्वयंपाकीण इल्का भांडी आपटत होती.

"टिबोर, मेणबत्त्यांचं खोकं कुठंय?"

"दफ्तराच्या खोलीत."

"मग ते काय पायांनी चालत येणार आहे? जा, घेऊन ये. आणि आत शिरायच्या आधी ठोकायला विसरू नकोस."

"नाही विसरत गं बाई. तुझ्या भुतांना सांगतो, इल्काने पाठवलंय म्हणून. घाबरून आपणच पळतील."

"हस मेल्या, हस! माझा बाप जन्मभर ते दार उघडत होता. एकदासुद्धा न ठोकता आत गेला नाही."

तुम्ही शहरातली पोरं, तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल. प्रार्थनाघर रात्री रिकामं असतं ते आपल्यापुरतं. गेलेली माणसं तेव्हा तिथे प्रार्थनेला बसतात. म्हणून दार उघडण्याआधी तीनदा ठोकायचं. त्यांना उठायला, निघायला वेळ द्यायचा. आणि दफ्तराची खोली प्रार्थनाघराच्या मागेच आहे. आतून दारच आहे मधे.

टिबोर निघाला, पण त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. कोटाच्या खिशात एक पत्र होतं, तीन आठवडे झाले तरी उत्तर न दिलेलं. असलं काही बाळगणारा माणूस नव्हता तो. कुणी परक्या मुलखातून आजोबांचा पत्ता विचारला, तर दुसऱ्या दिवशी उत्तर टाकायचा. या पत्राची मात्र चालढकल चालली होती.

पत्र हैफाहून आलेलं, नोएमी नावाच्या म्हातारीचं. युद्धात ती चार वर्षांची होती. एका हंस पाळणाऱ्या बाईने तिला आपल्या गोठ्यात लपवली, म्हणून वाचली. थोरली बहीण रोझालिया, तेरा वर्षांची. तिला बाकीच्यांबरोबर वीटभट्टीवर नेलं, गाड्यांत भरण्याआधी आपल्या लोकांना तिथेच गोळा करत होते. युद्धानंतर इथूनच नोएमीला कळवलं गेलं, की रोझालिया जिवंत परत आली, लग्न झालं, सुखात आहे. नोएमीने पत्रांवर पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. आता मरायला टेकल्यावर तिने दफ्तराला एवढंच विचारलं होतं: "माझी बहीण माझ्यावर का रागावली होती? मी तिचं काय बिघडवलं होतं? कागदांत कुठे काही असेल तर कळवा."

आणि ही रोझालिया कोण? टिबोरची आई.

म्हणजे कागदोपत्री. आमच्या सगळ्यांची रोझालिया नेनी, म्हणजे मावशी. नाकावर चष्मा, खिशात खसखशीची बिस्किटं. त्या रात्रीच्या बावीस वर्षं आधी गेली. जायच्या आदल्या रात्री तिने टिबोरचा हात धरला आणि म्हणाली, "टिबी, ऐक. मी रोझालिया नाही. वीटभट्टीवर नावं पुकारत होते. ज्यांचं नाव येईल ते ऑस्ट्रियाच्या गाडीत, कामाला. बाकीचे दुसऱ्या गाडीत, त्यातलं कुणी परतलं नाही... रोझालियाचं नाव आलं. ती तापाने फणफणली होती, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. तिला ऐकूच गेलं नाही. मी तिचं डोकं खाली ठेवलं आणि 'हजर' म्हटलं. मी तिच्या शेजारची, टिबी. माझं नाव..."

आणि टिबोरने आईच्या तोंडावर हात ठेवला. "नको आई. आता नको. निज."

का ठेवला, ते त्याला स्वतःलाही धड सांगता आलं नाही. घाबरला होता म्हणे. आई आपली आहे की दुसऱ्या कुणाची आहे, तेच कळेना त्याला. सकाळी ती गेली. आपल्यात गेलेल्याचं नाव बापाच्या नावासकट घेऊन प्रार्थना करतात. टिबोरने वर्षभर केली, पुढे दर वर्षी केली. "रोझालिया, मेनाखेमची लेक." थडग्यावरही तेच कोरलं. खरं नाव त्याने शोधलंच नाही. शोधलं असतं तर मिळालं असतं, अरे, दफ्तराची किल्ली त्याच्याच खिशात! वीटभट्टीवर नेलेल्या सगळ्यांची कार्डं तिथल्या कपाटात आहेत. बाकी सगळ्यांसाठी त्याने ते कपाट उपसलं. आईसाठी एक खण उघडला नाही. मनाला खात होतं, रोज खात होतं, पण हात जात नव्हता.

त्या दिवशी दुपारीच तो कबरस्तानात जाऊन आला होता. टिसा नदीच्या काठावर एक खडा सापडला होता त्याला, मधोमध आरपार भोक पडलेला. तो आपल्या रीतीप्रमाणे आईच्या थडग्यावर ठेवला. दगड हातात असेपर्यंत माफी मागायची असं ठरवून गेला होता.  खडा ठेवला आणि माफी न मागताच परतला.

तर असा हा माणूस दारापाशी पोचला, किल्ली फिरवली आणि सरळ आत शिरला.

ठोकलं नाही.

खोलीत दिवा लावला. खोकं सापडलं, टेबलावर ठेवलं. निघायचं ना मग? पण समोर कागद होता, पेन होतं. त्याला वाटलं, एकदाचं संपवून टाकू. बसला, आणि कोटसुद्धा न काढता लिहिलं: "आपल्या बहिणीबद्दल अधिक नोंद उपलब्ध नाही. क्षमस्व." सही केली.

पलीकडे कुणीतरी खोकलं.

प्रार्थनाघरात. मधल्या दारामागे.

त्याला वाटलं, इल्का आली असेल. "इल्का?" त्याने हाक मारली. मग बाकं करकरली. एक नाही, पुष्कळ. माणसं बसताना करकरतात तशी. दाराखालच्या फटीत उजेड नव्हता. नुसता काळोख... आणि त्या काळोखात कुणीतरी नावं वाचायला लागलं.

सावकाश. बापाच्या नावासकट.

प्रत्येक नावानंतर एक आवाज यायचा. "हजर." कधी म्हाताऱ्याचा. कधी बाईचा. एकदा तर इतक्या लहान पोराचा, की शेजारी कुणीतरी त्याला हळूच सांगितलं आणि मग तो म्हणाला. टिबोरला ती नावं पाठ होती. त्याच्याच कपाटातली होती सगळी. ज्यांची त्याने शोधून काढली, ज्यांच्या नातवंडांना कळवली, ज्यांच्यासाठी कुणीतरी कुठेतरी मेणबत्ती लावली... तीच.

 त्याने सही केलेलं पत्र पालथं घातलं.

"रोझालिया, मेनाखेमची लेक."

टिबोरने डोळे मिटून घेतले. आता ही ओरडणार. आता विचारणार, माझ्या नावाचं काय केलंत?

"हजर," एक मुलगी म्हणाली.

बस. एवढंच. स्वच्छ, ठणठणीत आवाज. ताप नाही, काही नाही. आणि का नसावा ठणठणीत? बावीस वर्षं तिचंच नाव घेत होता ना तो. तिच्या बापाच्या नावासकट. चुकून का होईना, तिची प्रार्थना तिला पोचली होती.

नावं पुढे चालली. हजर... हजर... मग थांबली.



मग मधल्या दाराला पलीकडून कुणीतरी टेकलं. फळी जराशी कुरकुरली. वास आला. खसखशीचा.

"टिबी..."

टिबोर दाराकडे वळला.

"टिबी, माझं नाव अजून येत नाही रे."

बोबडी वळणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं, असं तो म्हणाला. आई होती ती. त्याची आई. रागावलेली नव्हती. भाकरीच्या रांगेत उभं राहून दमलेल्या बाईसारखी बोलत होती.

"सगळ्यांची येतात. मी रोज येऊन बसते... माझं नाही येत."

तेव्हा टिबोर रडला. सदुसष्ट वर्षांचा बाप्या, टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. "आई, मीच तोंड दाबलं तुझं. माझंच चुकलं. आता सांग. आता नाही अडवत... सांग ना."



"आई?"

काही नाही.

आणि मग बाहेरच्या दारावर ठोकलं कुणीतरी. ठक. ठक. ठक. सावकाश. जिवंत माणसं मेलेल्यांना उठवायला ठोकतात, तसं. ते ठोकणं बाहेरून होतं आणि आत टिबोर एकटा होता; म्हणजे उठून निघायचं होतं ते त्यालाच.

दार कसं ओढलं, कुलूप कसं लावलं, त्याला आठवत नाही. बाहेर कुणी नव्हतं. धुकं होतं. मेणबत्त्या आतच राहिल्या.

घरी जाऊन त्याने दुसरं पत्र लिहिलं. वीटभट्टी, ताप, मांडी, 'हजर', सगळं. आईच्या तोंडावर ठेवलेला हातसुद्धा. पत्र पोचल्यावर नोएमीने फोन केला. शिव्या खायची तयारी ठेवूनच त्याने उचलला.  ती म्हातारी म्हणाली, "म्हणजे ताई माझ्यावर रागावली नव्हती." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मग म्हणाली, "शेवटी कुणाच्या तरी मांडीवर डोकं होतं ना तिचं?"

टिबोर 'हो' म्हणाला. खाली ठेवेपर्यंत होतं, हे त्याने पत्रात लिहिलंच होतं. पुन्हा सांगायला लावलं नाही तिने.

पण ते नंतरचं. त्या सकाळचं राहिलंच.

सकाळी इल्काने त्याला घरून ओढून आणला. "रात्री खोकं आणायला गेलास ते गायबच झालास! उपासाच्या दिवशी माझं डोकं फिरवू नकोस. किल्ली कुठंय?" किल्ली त्याच्याच खिशात होती, दुसरी आपल्याकडे नाहीच. या खेपेला त्याने ठोकलं. तीनदा. मग उभा राहिला, इल्का ओरडेपर्यंत.

आत दिवा तसाच जळत होता. मेणबत्त्या टेबलावर. नोंद नाही म्हणून सांगणारं ते पत्रही तिथेच. कपाटाचा मात्र एक खण उघडा होता. फार नाही, हात जाईल एवढा. आणि त्यातलं एक कार्ड वर ओढलेलं.

सेरेन लुस्टिग. याकोबची लेक. वय तेरा. गल्ली तीच, रोझालियाची. घर शेजारचं. पुढे काही लिहिलेलं नाही.

टिबोरने आईचं ते नाव मोठ्याने वाचलं. बापाच्या नावासकट. पुन्हा वाचलं. इल्काला काही कळेना. ती पुढे झाली आणि खणात बोट घालून म्हणाली, "आणि हे काय रे कार्डाखाली? कागदपत्रांत दगड कुणी ठेवला?"

टिसाच्या काठचा खडा होता तो. मधोमध आरपार भोक पडलेला. आणि त्या भोकात कबरस्तानातलं दव गोठून अजून घट्ट बसलं होतं.